जादूगाराची विद्या आणि आपला धंदा: 'सगळंच करतो' म्हणणाऱ्याला एक खेळ काय शिकवतो



"सर, कोणता धंदा टाकू?" हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो: "सगळ्यात जास्त पैसा कशात आहे?" आज याचं उत्तर जरा वेगळ्या ठिकाणी शोधू, एका खेळात. घरातली पोरं मोबाईलवर गेम खेळताना "कॅरेक्टर कोणतं घेऊ, पॉवर कोणती घेऊ" अशी चर्चा करतात ना? त्या सगळ्या प्रकाराचं मूळ ज्या खेळात आहे, त्याच्या नियमांमध्ये धंद्याची निवड कशी करावी याचं चांगलं शिक्षण दडलेलं आहे. शेवटपर्यंत वाचा. शेवटी कागद-पेन घेऊन करायचा एक अभ्यासही दिलाय.

खेळ काय आहे?

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी चोरपावलांनी जाणारा, कुणी जखमा बऱ्या करणारा, कुणी जादूगार. काय घडणार ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं.

जादूगार घेणाऱ्यापुढं मोठा प्रश्न असतो: कोणत्या जादूत तरबेज व्हायचं? कारण या खेळात जादूच्या आठ शाखा आहेत. त्यांना आपण विद्या म्हणू. प्रत्येक विद्येसमोर आपल्या बीड जिल्ह्यातले धंदे ठेवून बघा, लगेच लक्षात येईल.

१. संरक्षण विद्या: येणारं संकट अडवणारी. आपल्याकडं तार कंपाउंड, रानडुकरांसाठी झटका मशीन, सीसीटीव्ही बसवणारे.

२. आवाहन विद्या: दुसरीकडची वस्तू इथं हजर करणारी. किराणा, होलसेल, ट्रान्सपोर्ट, कृषी सेवा केंद्र.

३. दिव्यदृष्टी: माहिती काढणारी. माती परीक्षण, हिशोब लिहिणं, जीएसटी रिटर्न, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं केंद्र.

४. मोहिनी विद्या: समोरच्याचं मन वळवणारी. एजन्सी, जमीन-प्लॉटची मध्यस्थी, ब्युटी पार्लर. थोडक्यात, जिथं माणूस तुमच्या बोलण्यावर आणि वागण्यावर परत येतो ते सगळं.

५. ऊर्जा विद्या: आग, वीज, थेट दणका. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, जेसीबी भाड्यानं देणारे.

६. माया विद्या: डोळ्यांना दिसेल ते बदलणारी. फोटो-व्हिडिओ शूटिंग, मंडप डेकोरेशन, फ्लेक्स.

७. मृतविद्या: मेलेल्याला उठवणारी. जळालेली मोटार रिवायंडिंग करून देणारा, मोबाईल दुरुस्तीवाला, जुन्या गाड्या नीट करून विकणारा.

८. रूपांतर विद्या: एका वस्तूची दुसरी करणारी. डाळ मिल, दुधाचा खवा, सीताफळाचा गर, शिलाई.

आता सांगा, यातली 'सगळ्यात भारी' कोणती? खेळणाऱ्या नव्या पोराला आगीचा गोळा फेकणारी ऊर्जा विद्याच भारी वाटते. आपल्याकडंही तसंच आहे. गावात एकानं जेसीबी घेतला की पुढच्या वर्षी आणखी दोघं घेतात, मग तिघंही हप्त्याच्या काळजीत. जुना खेळाडू मात्र "भारी कोणती" असं विचारतच नाही. तो चार वेगळे प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: सोडायचं काय?

या खेळाची २००३ सालची आवृत्ती घ्या. त्यातला नियम असा होता: एका विद्येत विशेष व्हायचं ठरवलं, तर त्या विद्येचा एक जास्तीचा मंत्र प्रत्येक पातळीवर रोज मिळेल. पण बदल्यात उरलेल्यांपैकी दोन विद्या कायमच्या सोडाव्या लागतील. कायमच्या म्हणजे कायमच्या! त्या विद्येचा मंत्र लिहिलेली गुंडाळी हातात आली तरी ती वापरता येणार नाही, आणि नंतर निवड बदलताही येणार नाही.

म्हणजे 'काय घेतो' आणि 'काय सोडतो' हा एकच निर्णय आहे. आपण धंद्यात पहिला अर्धा निर्णय घेतो आणि दुसरा अर्धा तसाच ठेवतो.

उदाहरण म्हणून समजा, केजमध्ये तुम्हाला मोबाईलचं दुकान टाकायचंय आणि हातात २ लाख रुपये आहेत. दुकानाचं डिपॉझिट, फर्निचर, बोर्ड यात ६० हजार गेले. उरले १ लाख ४० हजार. आता थोडे नवे हँडसेट, थोडे कव्हर-चार्जर, थोडी दुरुस्ती, कोपऱ्यात झेरॉक्स मशीन, अशी चार भागांत विभागणी केली तर प्रत्येकाला आले ३५ हजार. ३५ हजारांत नवे हँडसेट किती येतील? तीन-चार. ते बघून गिऱ्हाईक म्हणणार, "बघतो", आणि मोठ्या दुकानात जाणार. ३५ हजारांत दुरुस्तीची अवजारंही अर्धवट येणार, मग अवघड काम दुसऱ्याकडं पाठवावं लागणार आणि मजुरी त्याच्या खिशात जाणार.

आता हाच माणूस मृतविद्या निवडतो, फक्त दुरुस्ती. तो दोन गोष्टी लिहून सोडतो: नवे हँडसेट विकणार नाही, आणि झेरॉक्स-ऑनलाइन कामं करणार नाही. १ लाख ४० हजारांतून चांगलं सोल्डरिंग आणि हॉट एअर स्टेशन, मायक्रोस्कोप, आणि जास्त चालणाऱ्या मॉडेलांचे डिस्प्ले, ज्यांना दुकानात आपण 'फोल्डर' म्हणतो, ते भरून ठेवता येतात. गिऱ्हाईक आल्यावर "उद्या या, पार्ट मागवावा लागेल" याऐवजी "अर्ध्या तासात देतो" म्हणता येतं. भांडवल तेवढंच, पण ताकद एका जागी आली.

सोडणं अवघड का जातं? समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला जीव होत नाही. म्हणूनच सोडायच्या दोन गोष्टी धंदा सुरू व्हायच्या आधी, डोकं थंड असताना लिहायच्या.

एक विद्या मात्र सोडता येत नाही

त्याच २००३ च्या नियमांत एक गंमत होती. सोडायच्या दोन विद्या तुम्ही कोणत्याही निवडा, फक्त दिव्यदृष्टी सोडता येत नाही. आग टाकणारा असो की माया रचणारा, माहितीची विद्या प्रत्येकाला ठेवावीच लागते. आणि जो दिव्यदृष्टीतच विशेष होतो, त्याला दोनऐवजी एकच विद्या सोडावी लागते.

धंद्यात दिव्यदृष्टी म्हणजे काय? रोजची जमा-खर्चाची वही. कुणाकडं किती उधारी आहे ते. कोणता माल किती दिवस पडून आहे ते. शेजारच्या तालुक्यात भाव काय चाललाय ते. "मी कारागीर माणूस, हिशोब मला जमत नाही," हे वाक्य आपल्याकडं फार ऐकू येतं. हिशोब भावानं लिहिला, बायकोनं लिहिला, मोबाईलच्या ॲपमध्ये लिहिला, काही हरकत नाही. पण तो रोज रात्री झाला पाहिजे, आणि मालकाला तो वाचता आला पाहिजे.

२०१४ च्या आवृत्तीत दिव्यदृष्टीवाल्या जादूगाराला एक सुंदर शक्ती दिलीय. रात्रीची झोप झाली की तो दोन फासे टाकून आकडे लिहून ठेवतो. मग दिवसभरात कुणाच्याही फाशाच्या जागी आपला लिहिलेला आकडा लावू शकतो. तुमच्या वहीत मागच्या वर्षीचा दिवाळीचा आणि लग्नसराईचा आकडा लिहिलेला असेल, तर या वर्षी माल किती भरायचा हे तुम्हाला अंदाजानं ठरवावं लागत नाही.

दुसरा प्रश्न: सोबत कोण आहे?

खेळात जादूगार एकटा फिरत नाही, चार-पाच जणांची टोळी असते. टोळीत दणका देणारे आधीच दोघं असतील तर शहाणा खेळाडू ऊर्जा विद्या घेत नाही. जे काम कुणालाच येत नाही ते तो उचलतो.

तुमची टोळी कोण? आधी घरचे. घरात कुणाला शिवता येतं, कुणाला गाडी चालवता येते, कुणाचं गणित पक्कं आहे, हे बघा. मग बाजारपेठ. शेजारचा दुकानदार प्रत्येक वेळी शत्रूच असतो असं नाही. विहिरीच्या मोटारींचे पार्ट विकणारं दुकान आधीच चालत असेल, तर त्याच्याशेजारी पार्टचं दुसरं दुकान टाकणं म्हणजे भावाची मारामारी. पण त्याच्याशेजारी रिवायंडिंगचं दुकान टाकलं तर तो तुम्हाला गिऱ्हाईक पाठवणार आणि तुम्ही त्याला.

ऊर्जा विद्येचा आणखी एक धडा इथंच सांगतो. आगीचा गोळा ज्या जागेत फुटतो तिथल्या सगळ्यांना भाजतो, आपली माणसंसुद्धा त्यात आली. भाव पाडून गिऱ्हाईक ओढणं हा धंद्यातला आगीचा गोळा आहे. समोरच्याला लागतो हे खरं, पण त्यात तुमचं स्वतःचं मार्जिनही जळतं. तो टाकायच्या आधी आपण कुठं उभे आहोत ते बघा.

तिसरा प्रश्न: मैदान कुठलं आहे?

या खेळात लाल ड्रॅगनवर आगीचा काहीही परिणाम होत नाही. ज्याला मनच नाही अशा चालत्या सांगाड्यावर मोहिनी चालत नाही. म्हणजे विद्या चांगली की वाईट हे मैदानावर ठरतं. मग आपलं मैदान बघू.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोड्या गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागातल्या कितीतरी गावांत आणि तांड्यांवर तेव्हा म्हातारी माणसं आणि काही लेकरंच उरतात. अशा गावात रोजच्या गिऱ्हाइकावर चालणारा धंदा टाकताना वर्षाचे बारा महिने सारखे धरून चालत नाही. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने येतो! म्हणून कर्जाचा कागद करायच्या आधी बारा रकाने आखा आणि प्रत्येक महिन्यात गावात किती घरं उघडी असतात ते लिहा. कदाचित उत्तर असं येईल की दुकान गावात नको, तालुक्याच्या ठिकाणी हवं. किंवा धंदाच असा हवा की गिऱ्हाईक परत आल्यावर चार महिन्यांत जोरात चालेल आणि बाकीचे महिने खर्च जवळपास शून्यावर येईल.

दुसरं उदाहरण सीताफळ. बालाघाटच्या डोंगररांगांतलं, धारूर-अंबाजोगाईकडचं सीताफळ प्रसिद्ध आहे, आणि 'बीड सीताफळ' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. इथं रूपांतर विद्या लगेच आठवते: गर काढून विकू. कल्पना बरोबर आहे. कारण फळ तोडल्यावर दोन-चार दिवसांत पिकतं आणि लांबच्या बाजारात पोहोचेपर्यंत मऊ पडतं. पण या विद्येची अट समजून घ्या. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि उघडा राहिला की रंग बदलतो. म्हणून तो आंब्याच्या रसासारखा उकळून डब्यात भरता येत नाही, शून्याखाली १८-२० अंशांवर गोठवून ठेवावा लागतो. फळ दोन-तीन महिने, पण फ्रीझरचं वीजबिल गर विकला जाईपर्यंत. म्हणजे गर काढण्याआधी तो घेणारा आइस्क्रीमवाला किंवा मिठाईवाला ठरलेला पाहिजे. आवाहन विद्येवाला, म्हणजे फक्त फळ गोळा करून पाठवणारा, याच फळावर फ्रीझरशिवाय धंदा करतो. मात्र त्याला वेळेवर गाडी आणि चांगलं पॅकिंग लागतं. फळ एकच, पण दोन विद्या, दोन वेगळी भांडवलं आणि दोन वेगळ्या जोखमी.

प्रक्रियेच्या धंद्यासाठी २०२० मध्ये केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आणि स्वतःचा किमान १० टक्के हिस्सा असं गणित आहे. सध्याची स्थिती कृषी विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. पण एक लक्षात ठेवा: अनुदान आहे म्हणून विद्या निवडायची नसते. विद्या आधी, अनुदान नंतर.

मैदान बदलतंही. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड–अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट बघितली ती गाडी आली. स्टेशनजवळच्या जागेला, गाडीच्या वेळांना, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला आता नवा अर्थ आलाय. माहितीची विद्या सोडू नका म्हणतो ते यासाठीच.

चौथा प्रश्न: ठरवायचं कधी?

ही गोष्ट मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. २००३ च्या नियमांत जादूगारानं आपली विद्या पहिल्याच पायरीवर ठरवायची होती. २०१४ मध्ये हा निर्णय दुसऱ्या पायरीवर गेला. २०२४ च्या सुधारित नियमांत तिसऱ्या पायरीवर! म्हणजे आता नव्या खेळाडूला आधी थोडं सगळं करून बघायला वेळ मिळतो.

धंद्यातही पहिल्याच दिवशी आयुष्यभराचा निर्णय घ्यायचं बंधन नाही. दुसऱ्याच्या दुकानात सहा महिने काम करा. आठवडी बाजारात चार रविवार टेबल लावून बघा. भाड्याच्या मशीनवर पहिलं काम करा. पण पायरी ठरवून घ्या. "बघू, बघू" करत पाच वर्षं गेली तर ती चाचणी राहत नाही. तारीख लिहा: अमुक महिन्यापर्यंत करून बघेन, मग एक धरेन.

२०१४ च्या नियमांत सोडण्याची सक्ती काढून टाकली होती. मग विशेष होण्याचा फायदा काय? आपल्या विद्येचा नवा मंत्र वहीत उतरवायला निम्मा वेळ आणि निम्मा पैसा. हे तर आपण रोज बघतो. शंभर मोटारी रिवायंडिंग केलेल्याला एकशे एकावी मोटार अर्ध्या वेळात कळते. नियमानं सक्ती केली नाही तरी दिवसाचे तास तेवढेच राहतात. दोन विद्या आपोआप सुटतातच. आपण ठरवून सोडल्या तर बरं.

हे सगळं आपल्या मातीत आहेच

कुणी म्हणेल, काय हे परदेशी खेळाचं कौतुक! तर मग आपल्याच जिल्ह्यात बघा. आष्टी तालुक्यात सावरगावला मायंबा, मच्छिंद्रनाथांचं स्थान. पाटोदा तालुक्यात चिंचोलीला गहिनीनाथ. येवलवाडीला जालिंदरनाथ. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. यांच्या कथा धुंडीसुत मालूंनी १८१९ साली 'नवनाथ भक्तिसार' या ४० अध्यायांच्या ग्रंथात सांगितल्या, आणि घरोघरी त्याचं पारायण होतं.

त्यातली गहिनीनाथांच्या जन्माची कथा आठवा. गोरक्षनाथ संजीवनी मंत्र पाठ करत बसले होते. मुलांनी हट्ट धरला म्हणून त्यांनी चिखलाचा गाडीवान करून दिला, तोंडानं पाठांतर चालूच होतं, आणि त्या मूर्तीतून बाळ उभं राहिलं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यातलं ते न थांबणारं पाठांतर दिसतं. हात दुसरं काम करत असताना तोंडात मंत्र तोच. आणि नाथांची शाबरी विद्या म्हणजे तरी काय? संस्कृत न येणाऱ्या माणसाच्या बोलीतले मंत्र. आपला धंदाही गिऱ्हाइकाला त्याच्या बोलीत कळला पाहिजे. बोर्डावर 'मल्टी सर्व्हिसेस' लिहिलं तर कुणाला काय कळणार? 'जळालेली मोटार दोन दिवसांत भरून मिळेल' हे मात्र बांधावरून जाणाऱ्यालाही कळतं.

आजचा अभ्यास

एक कोरा कागद घ्या आणि पाच ओळी लिहा.

पहिली: आठांपैकी माझी विद्या कोणती. एकच.

दुसरी: मी सोडतोय त्या दोन गोष्टी. नावं घालून लिहा. "फालतू कामं" असं लिहू नका.

तिसरी: रोजचा हिशोब कोण लिहिणार आणि किती वाजता.

चौथी: माझी टोळी. घरातले कोण आणि बाजारातले कोण मला गिऱ्हाईक पाठवतील.

पाचवी: बारा महिन्यांचे बारा रकाने, आणि प्रत्येकात गिऱ्हाईक जास्त, मध्यम की कमी.

दुसरी ओळ कोरी राहिली तर अजून दुकानाचं डिपॉझिट भरू नका. थोडे दिवस दुसऱ्याकडं काम करा, बाजारात फिरा, मग पुन्हा तोच कागद घेऊन बसा. आणि पाचही ओळी भरल्या असतील, तर कागद घरच्यांना वाचून दाखवा. आईला, बायकोला, नवऱ्याला एका दमात कळलं की तुम्ही काय करणार आणि काय नाही, तर गिऱ्हाइकालाही कळेल.

तुमची विद्या कोणती आणि सोडलेल्या दोन कोणत्या, ते कॉमेंटमध्ये तालुक्याच्या नावासह लिहा. पुढच्या भागात बारा रकान्यांवरून खेळत्या भांडवलाचा आकडा कसा काढायचा ते बघू.